घाडीगावकरांचं रक्त

कुणी विचारलं, ललिता, कशी आहेस, की गेली दोन वर्षं माझं उत्तर ठरलेलं असायचं. दमलेय गं. विचारणारीसुद्धा म्हणायची, मी पण. मग दोघी आपापल्या पिशव्या सावरून आपापल्या वाटेला लागायचो. चोपन्नाव्या वर्षी बाई दमली तर त्यात बातमी ती कसली? दादरच्या शाळेच्या ऑफिसातली नोकरी, गिरगावातलं तिसऱ्या मजल्यावरचं घर, लाकडी जिना, ब्याण्णव वर्षांचे सासरे आणि लग्न ठरलेली मुलगी. एवढं सगळं उरकून मी दमले नसते तर लोकांनी उलट संशय घेतला असता.

म्हणून मी कुणाला काही सांगितलं नाही आणि मला कुणी काही विचारलं नाही. पण आधी माझ्या भावाचं सांगते, कारण आमच्याकडे सगळं भावापासूनच सुरू होतं.

उन्मेष माझ्याहून सात वर्षांनी धाकटा. करी रोडला आमची चाळ होती, ती पाडून टॉवर झाला, त्यात तो राहतो. मागच्या एप्रिलात एका रविवारी सुरमई, सोलकढी असं साग्रसंगीत जेवून तो पंख्याखाली बसला आणि घामाने चिंब झाला. म्हणे गॅस झालाय. वैदेहीने, म्हणजे त्याच्या बायकोने, ओवा दिला, सोडा दिला. तिसऱ्यांदा तो छाती धरून वाकला तेव्हा बाई घाबरली आणि टॅक्सी काढून परळला हॉस्पिटलात घेऊन गेली. हाकेच्या अंतरावर हॉस्पिटल होतं म्हणून वाचला. त्याच संध्याकाळी हृदयाच्या नळीत स्टेंट घातला.

माझे पुढचे दिवस कसे गेले ते मलाच ठाऊक. पहाटे उठून बिनतेलाची भाजी, मऊ भात, पातळ वरण. डबा परळला पोचवायचा, तिथून दादरला शाळेत, संध्याकाळी परत परळ, मग गिरगाव. वैदेही नोकरी करते, तिची मुलं कॉलेजात, मग करणार कोण? आणि मला करायचंच होतं. आबा गेले तेव्हा उन्मेष दहावीलाही नव्हता. त्याला मीच अर्धा वाढवलाय.

आबा म्हणजे आमचे वडील. सेहेचाळिसाव्या वर्षी जेवणाच्या पाटावरच गेले. त्यांच्यामागून चार वर्षांत काकाही गेले, तेही पन्नाशीच्या आत. दोघांच्या वेळी सगळी चाळ म्हणाली, टेन्शनने गेले, गिरणी बंद पडल्याच्या धक्क्याने गेले. आम्हीही तेच म्हणत आलो. आमच्याकडे पुरुष टेन्शननेच मरतात, दुसऱ्या कशाने मरायची पद्धतच नाही.

तर हॉस्पिटलातल्या तरुण डॉक्टरने उन्मेषला आणि वैदेहीला बसवून नीट समजावून सांगितलं. मी तेव्हा बाहेर बाकावर डबा घेऊन बसले होते. वैदेहीने बाहेर येऊन मला सांगितलं ते असं, की हे सुरमईचं पाप नाही, हे जन्मापासूनचं आहे. रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल, ते एल-डी-एल की काय, आपलं लिव्हर गाळून काढतं. घाडीगावकरांचं लिव्हर ते धड काढतच नाही. मग ते लहानपणापासून नळ्यांत साचत राहतं, न्हाणीघराच्या पाइपात साचतं तसं, आणि माणूस चाळिशी-पन्नाशीला आला की एक दिवस पाणी तुंबतं. डॉक्टरने म्हणे उन्मेषची टाच मागून दाबून पाहिली. टाचेमागची शीर जाडजूड होती, तिथेही ती चरबी बसते. डोळ्यांच्या कोपऱ्यांतले पिवळट डाग दाखवून म्हणाला, हीच खूण. आणि सांगितलं, रक्ताच्या नात्यातल्या सगळ्यांना तपासून घ्या, निम्म्यांत तरी निघेल. वेळेवर गोळ्या सुरू केल्या तर माणूस म्हातारा होतो.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी चपला काढल्या आणि स्वतःच्या टाचा बघत बसले. मला मागे पट्टा असलेली चप्पल कधी चालली नाही. मागची शीर बोटासारखी जाड, पट्टा तिथेच घासतो, रक्त येतं. दादरचा चपलावाला मला बघितलं की आपणहून बिनपट्ट्याच्या काढतो. आणि डोळ्यांपाशी डाग माझ्याही आहेत. आजी म्हणायची, घाडीगावकरांच्या पोरींना वेगळी हळद लावायला लागत नाही. आम्हाला त्याचं कौतुक होतं, काय सांगायचं.

म्हणजे मला कळलं नाही असं अजिबात नाही. मला त्याच दिवशी कळलं.

उन्मेष घरी आला आणि महिन्याभरात त्याच्या अंगात पुन्हा मंडळाचा कार्यकर्ता संचारला. कुठलीही गोष्ट त्याला सगळ्यांना गोळा करून, खुर्च्या मांडून करायची असते. त्याने लॅबवाल्यांनाच घरी बोलावलं. रविवार ठरवला. सगळ्यांनी रात्रीपासून काही खायचं नाही, सकाळी सातला हजर व्हायचं, रक्त द्यायचं आणि मग एकत्र नाश्ता. मला फोन आला. ताई, तू येशील ना? तुझ्या हातचे पोहे कर, सगळे येतायत. म्हटलं, येते की.

मीही रात्रीपासून काही खाल्लं नाही. सकाळचा चहासुद्धा घेतला नाही, आणि चहा घेतल्याशिवाय माझं डोकं चालत नाही हे आमच्या घरातल्या मांजरालाही माहीत आहे. हे म्हणाले, अगं चहा तरी घे. म्हटलं, आज नको, रक्त द्यायचंय. पातेलं, चिरलेला कांदा, ओला नारळ असं सगळं घेऊन मी सातच्या आत करी रोडला.

हॉलमध्ये खुर्च्यांची रांग होती. उन्मेषची दोन्ही मुलं, काकांचे दोन मुलगे, त्यांची मुलं. आणि तीन सुना, म्हणजे वैदेही आणि दोघी चुलत भावजया. लॅबची मुलगी एकेकाच्या दंडाला पट्टा बांधत होती, नळीवर नाव लिहीत होती. सगळी घाडीगावकर मंडळी मुकाट्याने रक्त देत होती. मी ओट्यापाशी पोहे भिजवत होते आणि कान बाहेर होते. आता हाक येईल, मग येईल. शेवटची भावजय उठली तेव्हा मी हात पुसून बाहेर आले. लॅबच्या मुलीने विचारलं, काकी, तुमचं नाव काय लिहू?

मी तोंड उघडायच्या आधी वैदेही म्हणाली, "नाही, नाही, त्या मठकर. त्या आमच्यात येत नाहीत."

हसत म्हणाली हो. मनात काही वाईट नव्हतं. वैदेही वाईट नाहीच. उन्मेष शेजारीच दंडाला कापूस दाबून बसला होता, तो म्हणाला, ताई, पोहे झाले का गं, चक्कर येतेय सगळ्यांना. मुलीने सामान आवरलं.

मी आत गेले. गॅसवर चहाचं आधण होतं. त्यातला कपभर गाळला, दोन चमचे साखर घातली आणि उभ्या उभ्या पिऊन टाकला. पोहे छान झाले होते म्हणे. मी चव घेतली नाही.

आता कुणी म्हणेल, बाई, तोंड नव्हतं का तुला? सांगायचं, माझंही घ्या. तेच तर. आयुष्यभर ज्या पोराची ढुंगणं धुतली त्याच्याकडे रांगेत उभं राहून मागायचं, मलाही धरा? ज्या बाया लग्न होऊन कणकवलीहून, चिपळूणहून इथे आल्या, ज्यांच्या रक्तात घाडीगावकरांचा थेंबही नाही, त्यांना खुर्ची मिळाली. आणि मी ओट्यापाशी. बोलावलं नाही ना, मग जळ्ळं मेलं ते रक्त, असं मला वाटलं. वाटलं ते वाटलं.

रिपोर्ट आले. ते सांगायलाही सगळ्यांना गोळा केलं, आणि मी खरवस घेऊन गेले होते. काकांच्या मोठ्या मुलाचं वाढलेलं निघालं, उन्मेषच्या धाकट्याचं निघालं. दोघांच्या गोळ्या सुरू झाल्या, खूप चांगलं झालं, पोर एकोणिसाव्या वर्षी सापडलं. सुनांचे तिघींचे रिपोर्ट लखलखीत. वैदेहीने तर फ्रिजवर लावला. तिच्या आहाराचं, चालण्याचं कौतुक झालं. मी मनात म्हटलं, बाई गं, तुझं कौतुक करायचं तर तुझ्या कणकवलीच्या बापाचं करायला हवं.

त्याच दिवशी पुरुष मंडळी मोजत बसली, आपल्यात कोण कोण असं गेलं. आबा, काका, आबांचे एक चुलते. तीन नावं झाली आणि थांबली. मला तेव्हा एकदम सोनूबाई आत्या आठवली. आबांची सख्खी मोठी बहीण. तिला मालवणकडे दिली होती. दरवर्षी एकदा मुंबईला यायची तेव्हा आमच्या चाळीचा जिना चढताना मध्ये बसायची. मी पाण्याचा तांब्या घेऊन खाली धावायचे. ती एक हात छातीवर ठेवून म्हणायची, "दमलंय गो बाय." बस, एवढंच. बावन्न-त्रेपन्नाव्या वर्षी कपडे वाळत घालताना गेली. आबांची आई कपाळ बडवून म्हणाली होती, सासरच्यांनी राबवून मारली माझ्या पोरीला. तिचं मरण सासरच्या नावावर पडलं आणि आम्ही ते पुन्हा उघडून बघितलं नाही. मी त्या दिवशी म्हणणार होते, अरे, सोनूबाई आत्या पण. पण तेवढ्यात खरवस वाढायची वेळ झाली.

पावसाळा गेला. मी दमत राहिले. आधी तिसऱ्या मजल्यापाशी दम लागायचा, मग दुसऱ्या, मग भाजीची पिशवी असली की पहिल्याच वळणावर. छातीवर कुणीतरी पाटा ठेवल्यासारखं व्हायचं आणि डाव्या बाजूची दाढ ठणकायची. बसले की दोन्ही थांबायचं. दाताच्या डॉक्टरने ती दाढ काढूनही टाकली, बिचारी दाढ. त्यानंतरही ती जागा जिना चढताना ठणकायचीच. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेलो. हे सोबत होते. डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला बीपी, हार्ट? हे म्हणाले, छे हो, आमचे नाना ब्याण्णव वर्षांचे आहेत, अजून रोज तळलेला बोंबील खातात. मीही मान डोलावली. एकतीस वर्षांची सवय आहे, मठकरांच्या घराची चौकशी झाली की मान डोलवायची. डॉक्टर म्हणाले, पाळी जाण्याचं वय आहे, ॲसिडिटी असेल, थोडी विश्रांती घ्या. विश्रांती कुणाकडून घ्यायची ते नाही सांगितलं.

गिरगावात लॅब नाही असं नव्हतं. आमच्या कोपऱ्यावरच आहे. रोज तिच्यासमोरून जायचे. आज उशीर झालाय, उद्या उपाशी राहीन, नानांचं झालं की जाईन. खरं सांगायचं तर रुसवा मला सोडायचा नव्हता, आणि नंतर नंतर रुसायलाही त्राण उरलं नाही, नुसतंच राहून गेलं.

नोव्हेंबरात उन्मेषची तपासणी होती आणि वैदेहीला नेमका ताप आला. ती मला म्हणाली, ताई, तुम्ही जाल का यांच्यासोबत? मला नाही म्हणता येत नाही. शाळेत अर्धी रजा टाकली आणि गेले. त्याच तरुण डॉक्टरने उन्मेषचे रिपोर्ट पाहिले, खूश झाला, एल-डी-एल चांगलं खाली आलं होतं. मग माझ्याकडे बघितलं. बघतच राहिला. मला वाटलं, पदराला काही लागलंय की काय.

"ह्या कोण?"

उन्मेष म्हणाला, "माझी मोठी बहीण."

"सख्खी? मग यांचा रिपोर्ट कुठाय?"

उन्मेषने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. डॉक्टर म्हणाला, चप्पल काढा जरा. मी पाय पुढे केला, लाज वाटली, टाचेला भेगा होत्या. त्याने अंगठा आणि बोट यांच्यात ती मागची शीर धरली, वरून खालपर्यंत दाबली. मग विचारलं, जिना चढताना काय होतं? म्हटलं, दमते. तो म्हणाला, "दमता म्हणजे नक्की काय होतं, ते सांगा."

दोन वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. दमते म्हटलं की गोष्ट तिथेच संपायची. मी सांगायला लागले. पाटा, दाढ, पिशवी, जिन्याचं वळण. सांगता सांगता मला रडू यायला लागलं, आणि मला लोकांसमोर रडलेलं अजिबात खपत नाही. डॉक्टरने लिहिणं थांबवलं. उन्मेषला म्हणाला, भावाच्या बरोबरीने बहीण आणायला हवी होती, तुम्ही कुणाला आणलंत? आणि मला म्हणाला, आज घरी जायचं नाही.

माझं एल-डी-एल उन्मेषच्यापेक्षाही जास्त निघालं. दुसऱ्या दिवशी अँजिओग्राफी केली. हृदयाच्या मुख्य नळीत थोडीशी फट राहिली होती, तेवढ्यावर मी गिरगावचे जिने चढत होते. स्टेंट घातला. डॉक्टर म्हणाला, बायकांचं हे असंच होतं, पुरुषांपेक्षा दहा वर्षं उशिरा येतं आणि छातीत दुखतंय असं त्या सांगत नाहीत, म्हणून ध्यानात येत नाही.

उन्मेष पलंगाशेजारी बसला होता. बराच वेळ माझ्या चादरीचं टोक दुमडत, उलगडत होता. मग म्हणाला, "ताई, माझ्या डोक्यातच आलं नाही गं. तू समोर होतीस, तरी नाही आलं."

मला त्याला चांगलं फैलावर घ्यायचं होतं. महिनोन्महिने मी ते भांडण मनात पाठ केलं होतं, काय काय बोलायचं ते. पण तोंडातून एवढंच आलं, "मी त्या दिवशी उपाशी आले होते रे, उन्मेष." त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं. तो उठून बाहेर गेला आणि डोळे लाल करून आत आला. त्यानंतर आठवडाभर तो आणि वैदेही आळीपाळीने डबा आणत होते. वैदेहीची भाजी अळणी होती, पण मी निमूट खाल्ली.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण सुटी देताना डॉक्टरने बजावलं, मुलीला तपासा. तिच्यात असायची शक्यता निम्मी-निम्मी. आता सापडलं तर तिच्यावर तुमच्यासारखी वेळ येणार नाही, आणि मूलबाळ होताना गोळ्या थांबवाव्या लागतात, तेव्हा हे आधीच माहीत हवं.

मनवा माझी सव्वीस वर्षांची. भोईवाड्यातल्या स्वरूपशी तिचं लग्न जानेवारीत. मुलगा चांगला, घर चांगलं. घरी आल्यावर ह्यांनी मला खिचडी करून दिली, जिना हळूहळू चढवला, नानांची अंघोळ स्वतः घातली. माणूस वाईट नाही. माझ्या आयुष्यात वाईट माणूस एकही नाही, तीच तर पंचाईत आहे. मी मनवाच्या तपासणीचं काढलं तर हे म्हणाले, अगं, ती मठकर आहे, आमच्यावर गेलीय, उंची बघ, रंग बघ. मठकरांत हे नाही. म्हटलं, ती माझ्या पोटची आहे. तर म्हणाले, बरं, पण आता नको. लग्न तोंडावर आहे. रिपोर्टात काही निघालं, त्यांच्या कानावर गेलं, तर? "एकदा लग्न होऊ दे. मग ते त्यांच्याकडे बघतील."

मला वाटलं होतं, स्टेंट घातल्यावर छातीत पुन्हा तसं होणार नाही. पण झालं. दुखलं नाही, नुसता तो पाटा येऊन बसला. समोर सोनूबाई आत्या दिसली, जिन्यात बसलेली. तिच्या माहेरच्यांनी म्हटलं असेल, सासरचे बघतील. सासरचे म्हणाले असतील, माहेरून आणलंय. दोन्हीकडे चांगलीच माणसं.

मी ह्यांना म्हटलं, "अहो, लग्नाने आडनाव बदलतं. माझंही बदललं होतं."

आवाज चढवला नाही. चढवायला डॉक्टरची मनाई होती आणि मला तेवढा उत्साहही नव्हता. हे खिचडीचं ताट उचलून मोरीत ठेवून आले. मी मनवाला हाक मारली आणि सांगितलं, उद्या सकाळी चहासुद्धा घ्यायचा नाही. आपण दोघी कोपऱ्यावर जातोय. ती म्हणाली, मला काही होत नाही गं आई. म्हटलं, मलाही काही होत नव्हतं. आणि स्वरूपला तू स्वतः सांग, आजच. त्याला नको असेल तर आत्ता कळलेलं बरं. ती आत जाऊन फोनवर बोलली. बाहेर आली ती हसतच. तो म्हणाला होता, मीही माझं करून घेतो, सासूबाईंना घाबरून.

सकाळी हळूहळू जिना उतरले. किती दिवसांनी पाटा नव्हता छातीवर. लॅबमध्ये आमच्या आधी दोघं होती. काउंटरवरच्या मुलीने मनवाचं नाव, वय घेतलं आणि कॉम्प्युटरवर बोटं ठेवून विचारलं, घरात कुणाला हार्टचा त्रास?

मनवा सवयीने म्हणाली, "नाही. आमचे आजोबा ब्याण्णव वर्षांचे आहेत."

मी म्हटलं, थांब. काउंटरच्या कडेला हात टेकून मी त्या मुलीला म्हटलं, हिच्या आईकडचं लिहा. हिच्या आईचे वडील. त्यांचे सख्खे भाऊ. हिचा मामा. हिचा मामेभाऊ. हिची आई, म्हणजे मी. मुलगी पटापट टाइप करत होती, मनवा माझ्याकडे बघत होती. मुलीने विचारलं, झालं?

"नाही. हिच्या आईची आत्या. सोनूबाई."

"सोनूबाई कोण गं?" मनवा म्हणाली. "हे नाव मी कधी ऐकलंच नाही."

म्हटलं, बस इथे, सांगते. आणि माझ्या उपाशी पोरीला शेजारी बसवून मी सांगायला लागले. म्हटलं, ती जिन्यात मध्येच बसायची.